हौदातली शिकेकाई

चारा छावणीत सकाळी सकाळी भांडण झालं नाही असा दिवस अजून उगवायचा होता. त्या दिवशीचं भांडण शिंकांवरून होतं. छावणीच्या पाण्यावर बसवलेला राखणदार गहिनीनाथ काठी आपटत म्हाळूच्या दावणीपाशी आला आणि म्हणाला, तुमच्या बायांचं ते कुटणं बंद करा, माझा पांढरा बैल कालपासून शिंकतोय. म्हाळूनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यालाच शिंक आली. मग मला आली. मग पलीकडच्या खुंट्याची म्हैस शिंकली. शेवटी गहिनीनाथही शिंकला आणि भांडण बारगळलं, कारण शिंकता शिंकता माणसाला धड शिवी देता येत नाही.

सगळ्या छावणीला शिंकायला लावणारी बाई म्हणजे म्हाळूची बायको जाईबाई. तिचं सांगायचं तर आधी त्या सालाचं सांगावं लागेल.

मृग कोरडा गेला होता, आर्द्राही तशाच गेल्या होत्या. आष्टीच्या अलीकडं आमच्या वाडीच्या माळावर छावणी पडली होती. वर हिरव्या जाळीचं छप्पर, खाली जनावरांच्या दावणी आणि दावणीच्या उशाला खाट टाकून आम्ही. जनावरांना उसाचं वाढं मिळायचं, धान्याचा भरडा मिळायचा आणि मुख्य म्हणजे पाणी मिळायचं. छावणीतला टँकर जनावरांच्या नावानं यायचा. माणसांचा टँकर गावात यायचा आठवड्यानं, तोही आला तर. हौदातलं पाणी माणसानं घ्यायचं नाही असा कडक नियम होता. कुणी हातात तांब्या घेऊन हौदाकडं नुसतं बघितलं तरी गहिनीनाथ काठी आपटायचा. बाया म्हणायच्या, म्हशीच्या जन्माला आलो असतो तर बरं झालं असतं. हसत म्हणायच्या, पण त्यात अर्धं खरं होतं.

डोक्यावरून पाणी घेणं हा त्या साली सणच होता. बायांनी तेल चोपडून वेण्या आवळून टाकल्या होत्या. तात्याबानं तर न्हाव्यापुढं बसून डोकं चकोट करून घेतलं आणि वर आम्हालाच शहाणपण शिकवत हिंडायचा. अशा साली जाईबाईला केस धुवायची पावडर करून विकायचं सुचलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

पण बाई वेडी नव्हती. बीडला बायांनी घरी केलेला माल विकणारं एक सहकारी भांडार निघालं होतं. त्यांच्या बैठकीला ती आष्टीला गेलती आणि तिथून परत आली ती डोळ्यांत एक वेगळीच चमक घेऊन. छावणीतल्या बाया गोळा करून तिनं त्यांना हिशेब समजावला.

“पापड करायचं म्हनलं तर पानी लागतं. लोनच्याला कैरी लागती. ह्याला काय लागतं? ऊन लागतं आन् कुटायला हात लागत्यात. दोनी आपल्याकडं रग्गड हायती.”

बायांना पटलं. संस्था काढली, तिला रेणुकामातेचं नाव दिलं आणि जाईबाईला चेअरमन केलं. तेव्हापासून आम्ही म्हाळूला चेअरमनचे मालक म्हणायला लागलो. तो वरवर चिडायचा, पण एकदा चुकून कुणी नुसतं म्हाळू म्हणालं तर त्यानं मागं वळून बघितलं नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

शिकेकाई, रिठा आणि आवळकाठी आष्टीच्या बाजारातून आणली. पुढं कशात काय किती घालायचं यावरून जे जुंपलं त्याची मजा तमाशात नसेल. म्हाळूची आई भिवराबाई म्हणाली, रिठा जास्त घातला की केसाची सुतळी होते. कौशल्याबाईला मेथी हवी होती, मेथीनं केस मऊ होतात म्हणून. मालनबाईच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या हिंगणबेटाच्या गरानं डोकी धुतात, तेव्हा हिंगणबेट घातलंच पाहिजे, नाहीतर मी संस्थेतून निघाले. हिंगणबेटाची झाडं माळावर पैशाला पासरी, दुष्काळालाही न मरणारी. माघार कुणीच घेईना, म्हणून जाईबाईनं सगळंच थोडं थोडं घातलं आणि वरून जास्वंदीची वाळलेली पानं टाकून सगळ्यांची तोंडं बंद केली.

मग सुरू झालं कुटणं. दुपारभर उखळात मुसळ आदळायचं, नंतर जुन्या लुगड्यातून सगळं वस्त्रगाळ व्हायचं आणि पिवळट धुरळा छावणीभर पसरायचा. चाळायला बसवलं होतं म्हाळूला, कारण बैलांना वैरण टाकली की त्याला दुसरं काम नव्हतं. महिनाभरानं त्याचं नाक असं चोंदलं की कांद्याचा आणि शेणाचा वास त्याला सारखाच यायला लागला.

आता खरी गोष्ट. म्हाळू आणि जाईबाई दर साली दिवाळी झाली की ऊस तोडायला जायचे. लग्नाची हळद उतरायच्या आत ती पहिल्यांदा ट्रकात बसली, तेव्हापासून एकही हिवाळा तिनं स्वतःच्या घरात काढला नव्हता. स्वतःच्या रानातला हुरडा तिनं कधी खाल्ला नव्हता. उसाच्या फडात राहायला पाचटाची कोपी करायची, पहाटे अंधारात कोयता धरायचा, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. पाय घसरला तर बघायला कुणी नाही. तिनं ठरवलं होतं की यंदा नाही. आणि म्हाळूला वाटायचं की कुटलेल्या काड्यांवर कुणाचं पोट भरत नाही, उसाचं काम कसंही असलं तरी खात्रीचं आहे. त्यालाही उसाचा कंटाळा होता, पण भीती कंटाळ्यापेक्षा मोठी होती. त्या दोघांची पैज लागली ती आम्हा सगळ्यांसमोर.

“भांडारानं माल घेतला, तर दोघं बी गावात राहू,” म्हाळू म्हणाला. “आन् न्हाई घेतला, तर तोंडातनं शब्द न काढता ट्रकात बसायचं.”

“बसंन,” जाईबाई म्हणाली. “पर मग जलमभर बसंन, पुन्हा इचारायची न्हाई.”

बाईनं सगळंच पणाला लावलं होतं. 

भांडाराच्या वत्सलाबाई माल बघायला येणार तो हाच दिवस, शिंकांच्या भांडणाचा. महिनाभर कुटून चाळून झालेली सगळी पावडर एका गोणीत भरून म्हाळूच्या खाटेखाली ठेवलेली होती. गोणी भरड्याची होती. छावणीत रिकाम्या गोण्या फुकट मिळायच्या, तेव्हा दुसरी कशाला कोण विकत घेईल? जाईबाई, कौशल्याबाई आणि मालनबाई वत्सलाबाईंना आणायला एस्टीच्या फाट्यावर गेल्या. जाताना जाईबाई नवऱ्याला बजावून गेली की गोणीकडं लक्ष ठेवा. म्हाळूनं मान हलवली आणि शिंकला.

छावणीतल्या पाण्याची एक गंमत होती. टँकरच्या पाण्यात औषधाची पूड टाकलेली असायची, त्या वासानं जनावरं तोंड फिरवायची. म्हणून हौदात पसा-दोन पसे भरडा टाकून काठीनं ढवळायचं. भरड्याचा वास आला की जनावर गुमान पाणी पितं. पण त्या दिवशी पाण्यात औषध जरा जास्तच पडलेलं असावं, कारण एकही जनावर हौदाला तोंड लावेना. गहिनीनाथ ओरडला, “म्हाळू बे, पसाभर टाकून भागायचं न्हाई, गोणीच वत.” छावणीच्या भरड्याची गोणीही म्हाळूच्याच खाटेखाली असायची, कारण त्याची दावण हौदाला लागून. खाटेखाली दोन गोण्या, दोन्ही एकाच छापाच्या. आणि ओतणाऱ्याचं नाक चोंदलेलं.

म्हाळूनं गोणी खांद्यावर घेतली, हौदात रिती केली आणि बांबू घेऊन ताक घुसळावं तसा जोर लावून घुसळायला लागला. मी समोर बैलांना वाढं टाकत होतो. मला आधी वाटलं ऊन डोळ्यांवर आलंय. हौदातून पांढरं काहीतरी वर येत होतं. म्हाळू जितका घुसळी तितकं ते फुगत होतं. फेस हौदाच्या काठावर आला, काठावरून उतरला आणि गहिनीनाथाच्या वहाणांपर्यंत पोचला. भिवराबाईची म्हैस पुढं झाली, तिनं त्यात तोंड घातलं आणि बाहेर काढलं तेव्हा तिला बुवासारखी पांढरी दाढी आलेली होती. ती इतक्या जोरात शिंकली की दाढी उडून तात्याबाच्या चकोट डोक्यावर बसली.

छावणी हसून हसून लोळायची बाकी राहिली. हसला नाही तो एकटा म्हाळू. त्यानं खाटेखाली वाकून बघितलं, उरलेल्या गोणीत हात घातला, मूठभर भरडा बाहेर काढला आणि मटकन खाली बसला.

तेवढ्यात बाया परत आल्या. एस्टी आलीच नव्हती, वत्सलाबाई मागच्या गाडीनं येतील असा निरोप मिळाला होता. जाईबाई हौदापाशी आली. तिनं फेस बघितला, रिकामी गोणी बघितली आणि नवऱ्याकडं बघितलं. आमचं हसू जागच्या जागी थांबलं.

“मुद्दाम केलं तुमी,” ती म्हणाली.

“न्हाई गं. आईच्यान न्हाई.”

“पैज जिकायची व्हती तर नुसतं सांगायचं. म्या आपुन व्हऊन ट्रकात बसले असते. समद्या बायांचा महिना कशापायी पान्यात घातला?”

गहिनीनाथ मधे पडला, की गोणी ओतायला मीच सांगितलं, त्याची काही चूक नाही. त्यावर मालनबाई म्हणाली, उंदराला मांजर साक्ष. म्हाळू सगळ्यांना समजावत सुटला की माझं नाक चोंदलंय, मला वास येत नाही, पण खरं बोलणाऱ्याचा चेहरा कधीकधी लबाडासारखाच दिसतो. जाईबाई रडली नाही. ती खाटेवर पाठ करून बसली आणि बसूनच राहिली. मला तिचं फार वाईट वाटलं. महिनाभर सगळ्यात जास्त मुसळ तिनं आदळलं होतं.

इकडं फाटकाशी दुसरा टँकर येऊन उभा राहिला आणि भोंगा वाजवायला लागला. हौद रिकामा असेल तर तो पाणी ओतणार, नाहीतर पुढच्या छावणीला जाणार. आणि हौद तर भरलेला. जनावरं पिणार नाहीत, माणसानं घ्यायचं नाही आणि दुष्काळाच्या सालात पाणी जमिनीवर ओतून द्यायचं तर हात कुणाचा धजणार? गहिनीनाथ काठी घेऊन हौदाभोवती दोन फेऱ्या मारून आला. नियमात या पाण्याचं काही लिहिलेलं नव्हतं.

तेव्हा भिवराबाई उठली. म्हातारीनं वेणी सोडली. शिमग्यापासून त्या केसांना पाणी लागलेलं नव्हतं, तेलानं त्यांची जाड दोरी झाली होती. तांब्या घेऊन ती गहिनीनाथापुढं जाऊन उभी राहिली.

“गहिनीनाथा, हे पानी आता जनावराचं न्हाई, आन् मानसाच्या प्यायचं बी न्हाई. हे डोस्क्याचं पानी हाय. वत माज्या टाळूवर.”

गहिनीनाथानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग काठी बगलेत धरली, तांब्या भरला आणि ओतला. म्हातारीच्या तोंडून असा हुंकार निघाला की जणू तिचं वय तिथंच थोडं गळून पडलं. तिनं दोन्ही हातांनी केस चोळले, फेस झाला, काळपट पाणी वाहून गेलं आणि खालून शुभ्र पांढरे केस बाहेर आले. ती हसायला लागली. तिचे पुढचे दात नाहीत हे मला त्या दिवशी कळलं, कारण त्या साली ती इतकं तोंड उघडून हसलीच नव्हती.

मग काय, सगळी छावणी हौदावर धावली. बाया, बापे, म्हातारे, कुणी तांब्या घेऊन, कुणी बादली, कुणी नुसतीच ओंजळ. कौशल्याबाई मालनबाईचं डोकं चोळत होती आणि चोळता चोळता विचारत होती की सांग आता, मेथीनं मऊ लागतात का हिंगणबेटानं. केसच नसलेला तात्याबाही रांगेत उभा होता आणि हटकलं तर म्हणाला, टाळूला काय जीव नसतो का. मी डोकं धुतलं, मिश्या धुतल्या आणि राहवेना म्हणून बैलाच्या शेपटीचा गोंडाही धुऊन घेतला. ज्यांचं हौदावर झालं ते टँकरखाली पळाले. टँकरच्या नळीचा सांधा गळका होता. एरवी त्या गळतीखाली गहिनीनाथ घमेलं लावून ठेवायचा. त्या दिवशी त्याच्याच डोक्यावर फेस होता, घमेलं बाजूला सारून तिथं त्यानंच पहिलं डोकं घातलं.

या गोंधळात मुकादम सुंदरराव मोटरसायकलवरून आला. कुणाकुणाचे कोयते, म्हणजे नवराबायकोच्या जोड्या, यंदा उसाला येणार ते ठरवायला तो फिरत होता. त्याच्या टोळीत जाणारी अर्धी माणसं समोर फेसात नाचत होती. मुकादमाला कुठंही मागं राहणं सोसत नाही. मला आधी, म्हणत तो पुढं घुसला आणि त्यानं डोकं पुढं केलं. आता सुंदररावाचे केस कोळशासारखे काळे असायचे आणि वय विचारलं की तो विषय बदलायचा. त्याच सकाळी आष्टीत न्हाव्याकडं बसून त्यानं ताजा कलप लावून घेतला होता आणि संध्याकाळपर्यंत पाणी लावू नका असं न्हाव्यानं सांगितलंही होतं. पण इतक्या माणसांत ते कोण कबूल करणार? डोक्यावर तांब्या पडला आणि काळ्या पाण्याचे ओघळ कानामागून त्याच्या पांढऱ्या शर्टावर उतरले. डोकं वर केलं तेव्हा मुकादम आपल्या बापापेक्षा म्हातारा दिसत होता. हसायलाही आमच्या अंगात ताकद उरली नव्हती, तरी आम्ही हसलो.

वत्सलाबाई नेमक्या तेव्हा आल्या. पन्नाशीची, चष्म्याची, पदर खोचलेली बाई. त्यांना दिसलं ते असं, की टँकरनं पाणी दिलेल्या दुष्काळी छावणीत सगळी माणसं उन्हात केस वाळवत बसलेली आहेत. त्यांनी चेअरमनबाई कोण म्हणून विचारलं. जाईबाई खाटेवरून उठली. सगळ्यांत एकट्या तिचंच डोकं कोरडं होतं. वत्सलाबाई म्हणाल्या, माल दाखवा.

जाईबाईला वाटलं असतं तर ती काहीही थाप मारू शकली असती. पण ती खाली बघत म्हणाली, “माल न्हाई मॅडम. समदा हौदात गेला.”

काय झालं ते आम्ही सगळ्यांनी एकदम सांगितलं, त्यामुळं वत्सलाबाईंना काहीच कळलं नाही. मग त्यांनी भिवराबाईच्या केसांत बोटं घातली. बोटं मुळापासून शेंड्यापर्यंत न अडकता आली. त्यांनी पुन्हा घातली. मग मालनबाईच्या केसांत, मग माझ्या, आणि मी जन्मात पहिल्यांदा साहेबबाईपुढं डोकं वाकवून उभा राहिलो. कौशल्याबाई म्हणाली, हातच्या काकणाला आरसा कशाला. वत्सलाबाई म्हणाल्या, नुसत्या पाण्यानंही केस स्वच्छ होतातच की. तेव्हा सगळ्या बायांनी मुकादमाकडं बोट दाखवलं. सुंदरराव टॉवेल घेऊन टँकरमागं लपला होता.

वत्सलाबाईंनी त्याला नीट न्याहाळलं आणि गंभीरपणे म्हणाल्या की पुडीवर एक ओळ छापावी लागेल, कलप लावणाऱ्यांनी जपून वापरावी. मग त्यांनी आवाज खाली आणला. आमच्या बीडलाही नळाला पाणी येऊन कितीतरी दिवस झालेत, त्या म्हणाल्या. थोडं उरलंय का?

हौदाचा तळ दिसत होता. तेवढ्यात म्हाळू एक बादली घेऊन आला. सगळे हौदावर तुटून पडले तेव्हा त्यानं एक बादली भरून दावणीआड झाकून ठेवली होती. स्वतःचं डोकंही त्यानं धुतलं नव्हतं. तो बायकोपुढं उभा राहिला.

“तुज्यासाठी ठिवली व्हती,” तो म्हणाला. “म्या मुद्दाम न्हाई वतली गोनी. माजं नाकच मेलंय. पटत नसंल तर नगं पटू दे. पर न्हाऊन तरी घे.”

जाईबाईनं त्याच्याकडं बघितलं. मग तिनं बादली घेतली, वत्सलाबाईंना खाटेवर बसवलं, त्यांचा अंबाडा सोडला आणि आधी त्यांच्या डोक्यावर तांब्या ओतला, मग स्वतःच्या. उरलेला तांब्या तिनं न विचारता म्हाळूच्या डोक्यावर रिकामा केला. म्हाळूच्या नाकात फेस गेला, तो लागोपाठ शिंकत सुटला आणि शिंका थांबल्या तसा ओरडला की अगं, शिकेकाईचा वास येतोय. तेव्हा कुठं जाईबाई हसली.

वत्सलाबाईंनी ओल्या केसांनीच सांगितलं की भांडार माल घेईल, दिवाळीपर्यंत जेवढा होईल तेवढा घेईल, फक्त गोणी बदला. टँकरमागून बाहेर येत सुंदररावानं म्हाळूला विचारलं, तुमचा कोयता धरू का नको ते एकदाचं सांग.

“मला काय इचारता मुकादम,” म्हाळू म्हणाला. “चेअरमनला इचारा.”

चेअरमननं नको म्हणून सांगितलं.

पाऊस पुढं आला, उशिरा आणि पोटापुरता. छावणी उठली. दिवाळी झाली, आणि एका पहाटे उसाचा ट्रक वाडीच्या चौकात येऊन उभा राहिला. वाडीतली पुष्कळ माणसं गेलीच. एका हौदानं सगळ्या वाडीचा ऊस कसा सुटेल? गाठोडी चढली, शेळ्या चढल्या, लेकरं चढली. जाईबाई निरोप द्यायला आली होती. चढणाऱ्या बायांच्या हातात तिनं एकेक पुडी दिली, उसाच्या रानात पाण्याला तोटा नसतो म्हणून. ट्रक हलला, वळणावर धुरळा उडाला, मागचा लाल दिवा दिसेनासा झाला आणि बाकीचे घराकडं वळले. ती उभीच राहिली. म्हाळूनं विचारलं, काय बघतीस?

“लगीन झाल्यापून दर साली म्या वर बसलेली आन् गाव मागं जायचं,” ती म्हणाली. “आज पयल्यांदा ट्रक गेला आन् गाव हितंच राह्यलं.”

म्हाळूनं तिच्या हातातली रिकामी पिशवी घेतली. मग दोघं घरी गेले आणि दिवस वर यायच्या आत त्यांच्या उखळात मुसळ आदळायला लागलं. मी शेजारच्या अंगणात दात घासत होतो. मला लगेच शिंक आली.